पिशवी, दीक्षित आणि डिंकाचा लाडू : वजनाच्या ऑपरेशननंतर बँकेत परतलेल्या एका बाईंचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेतलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाखेत त्यांना सगळे 'मॅडम'च म्हणतात, तेव्हा इथेही मॅडमच. मी बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची ऑपरेशनं करणाऱ्या टीममध्ये समुपदेशनाचं काम करते. रुग्ण आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी येतात तेव्हा भीती टाक्यांची असते, भूल देण्याची असते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी येतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा माणसांबद्दलच असतं.

मॅडमचं वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३ च्या पुढे. मधुमेह जुना, दोन गोळ्या घेऊनही आटोक्यात नव्हता. झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या पेंग यायची. डाएट, योगासनं, सकाळचं चालणं, जवाचं पाणी सगळं करून झालं होतं. शेवटी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. दुर्बिणीतून होणाऱ्या या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक राहते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात मुख्यतः तयार होतं, तोही काढलेल्या भागातच जातो. म्हणून नुसतं कमी मावतं असं नाही, सुरुवातीचे कित्येक महिने भूकच लागत नाही. हे शाखेतल्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

खर्च बँकेच्या ग्रुप मेडिक्लेममधून निघाला. विमा नियामकाने २०१९ साली अशा ऑपरेशनबाबतच्या अटींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून जोडीला आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखं दुखणं, शिवाय डॉक्टरांचा लेखी सल्ला. मॅडम त्यात बसत होत्या. क्लेमचे कागद हेड ऑफिसच्या पर्सोनेल विभागातून गेले, त्यामुळे शाखाधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे 'कुणालाही कळता कामा नये' हा मॅडमचा निश्चय पहिल्याच सहीला मोडला होता, फक्त त्यांनी तो मोडलाय असं मानलं नव्हतं.

लपवायचं का होतं? एका लग्नात त्यांनी दुसऱ्या एका बाईबद्दल ऐकलं होतं, 'आधी खाऊन वाढवायचं, मग पैसे देऊन कापून घ्यायचं.' ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. सासरी फक्त नवऱ्याला आणि धाकट्या नणंदेला सांगितलं होतं.

पहिला महिना

बैठं काम असेल तर या ऑपरेशननंतर दोन ते चार आठवड्यांत कामावर जाता येतं. मॅडम महिनाभराची वैद्यकीय रजा संपवून परतल्या. वजन तोवर ९५ च्या आसपास आलं होतं, पण साडीत ते फारसं जाणवत नव्हतं. रजेच्या अर्जावर त्यांनी 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं होतं.

त्रेचाळिशीची बाई, पोटाचं ऑपरेशन, महिन्याची रजा. शाखेतल्या बायकांनी एका मिनिटात निदान केलं. पिशवी काढली. "सुटलीस बाई एकदाची," कॅशियरताई म्हणाल्या, "आता दोन महिने काही उचलू नकोस." मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. याचा एक फायदा असा झाला की पुरुष मंडळी चुपचाप बाजूला झाली. गर्भाशयाचा विषय निघाला की आपल्याकडे पुरुष सहकारी लगेच रजिस्टरमध्ये डोकं घालतात. नाण्यांच्या थैल्या शिपाई काका न सांगता उचलून ठेवायला लागले. वजन उचलायचं नव्हतंच, तेव्हा सोय झाली. मॅडमना वाटलं, निभावलं.

अडचण आली ती जेवणाच्या सुट्टीत.

शाखेत दोन ते अडीच जेवणाची सुट्टी. मागच्या रेकॉर्डरूममध्ये एक जुनं लोखंडी टेबल आहे, त्यावर वर्तमानपत्र अंथरून सहा-सात डबे उघडतात. कुणाची मेथी, कुणाची मटकीची उसळ, एकाकडे रोज बटाट्याची भाजी. डबा आपला असतो पण आपण आपलाच खातो असं नाही. मॅडमची आजवरची ख्याती म्हणजे खानदेशी पद्धतीचं वांग्याचं भरीत. ते आणलं की बाकीच्यांचे डबे अर्धे परत जायचे. आणि आता त्या मूगडाळीचं मऊ कढण घेऊन बसत होत्या, एक वाटी, चहाच्या चमच्याने, वीस मिनिटं. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. हे सात माणसांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

पाचव्या आठवड्यात कॅशियरताईंनी डिंकाचे लाडू करून आणले. खास मॅडमसाठी, कंबर भरून यावी म्हणून. बाईचं पोटाचं ऑपरेशन झालं की डिंक, खोबरं, खारीक, गूळ, तूप हे आलंच. "माझ्या हातचा एक तरी खा," असा आग्रह. मॅडमनी अर्धा खाल्ला. वीस मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, मळमळ. गोड आणि तेलकट पदार्थ जठरात न रेंगाळता भराभर आतड्यात उतरला की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. गॅस्ट्रिक बायपास हे वजनाचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही सुटका नाही. जीवावरचं नसतं, अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? मॅडमना रेकॉर्डरूममध्ये गठ्ठ्यांना टेकवून बसवलं, शाखाधिकारी रिक्षा बोलवायला धावले, आणि लाडू करून आणणारी बाई कोपऱ्यात रडत उभी. "मी त्यात काय घातलं होतं असं," एवढंच ती म्हणत होती.

वजनाच्या ऑपरेशननंतर लोक 'किती बारीक झालात' म्हणतील, टोमणे मारतील, याची तयारी रुग्ण आरशासमोर करून येतात. पण आपल्या ऑफिसांत माणसं दिसण्यापेक्षा खाण्यावरून जास्त दुखावतात. डब्यातला घास नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं असं आपण मानतो, आणि ते काही अगदीच चूक नाही. म्हणून माझ्या मते कामावर परतताना पहिला प्रश्न 'काय सांगू' हा नसून 'डब्याचं काय करू' हा असतो.

तिसरा महिना

आता वजन ८७ झालं होतं. गाल बसले, ब्लाउज सैल झाले, आणि केस गळायला लागले. झपाट्याने वजन उतरल्यावर साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, पुढे काही महिन्यांनी आपोआप थांबतात. पण शाखेत गणित जुळेना. पिशवी काढल्यावर बाया अंगाने सुटतात, ही तर वाळत चाललीय. केसही चाललेत. खात नाही. मध्ये चक्कर येऊन पडली होती. सगळं जोडून कुजबुज एकाच ठिकाणी पोहोचली, आणि तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही. एका सकाळी शिपाई काकांनी वणीच्या देवीचा अंगारा कागदाच्या पुडीत आणून दिला. "गडावर गेलो होतो मॅडम. काही होत नाही, देवी बघून घेईल."

मॅडमना तिथे लाज वाटली. आपल्याला कॅन्सर झालाय असं समजून हा माणूस गड चढून आला. अफवा थांबवायची म्हणून त्याच दिवशी, पासिंग ऑफिसरनी "काय मॅडम, दीक्षित की दिवेकर?" असं विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "दीक्षित."

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑफिसात विचारला जातो. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं सांगणं दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर यांचं सांगणं थोड्या थोड्या वेळाने, घरचं, आपल्या मातीतलं खा. वाद घालायला इतका सोयीचा विषय दुसरा नाही. मॅडमचं उत्तर सगळ्यांना पटलं, टाळ्याच पडल्या. फक्त त्यात एक फट होती. स्लीव्हनंतर दर दोन-तीन तासांनी थोडं खावं लागतं, आणि मॅडम साडेअकराला पनीरचे दोन तुकडे, साडेचारला ताकात कालवलेली प्रोटीन पावडर घेत होत्या. एक-दोघांनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

कॅशियरताईंनी मात्र विश्वास ठेवला. त्यांनाही मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. या गोळीने शरीर इन्शुलिन सोडत राहतं, पोटात अन्न असो वा नसो. ही गोळी चालू असताना जेवणांतली अंतरं वाढवायची तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा लागतो, हे कुठल्याही आहारपद्धतीला लागू आहे. त्यांनी कुणाला विचारलं नाही. समोर उदाहरण होतं ना. तीन आठवड्यांनी भर गर्दीत, नोटा मोजता मोजता त्यांचे हात थरथरायला लागले, मोजणी दोनदा चुकली, ओठ पांढरे पडले. कुणीतरी ओळखलं, साखरेचं पाणी पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत सावरल्या. भानावर आल्यावर मॅडमना म्हणाल्या, "तुला जमतं गं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

त्या आठवड्यात मॅडम माझ्याकडे आल्या.

काय केलं

त्यांचा प्रश्न होता, लोकांची तोंडं कशी बंद करू. माझ्या समोर दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या ठेवणं गरजेचं होतं. आपलं ऑपरेशन न सांगणं हा मॅडमचा हक्क. सहकाऱ्याला कुणाच्या पोटातली माहिती मिळण्याचा अधिकार नाही. पण खोटा उपाय सांगितला की तो आपल्यापुरता राहत नाही. ज्याला वजन कमी करायचंय असा माणूस तो उचलतो आणि स्वतःवर करून बघतो. ऑफिसात असा माणूस असतोच.

मग आम्ही एक साधं वाक्य तयार केलं, सगळ्यांसाठी एकच: "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय, गोड बंद. तब्येत चांगली आहे." यात खोटं काही नाही, आणि शेवटच्या तीन शब्दांनी कॅन्सरची कुजबुज थांबते. कुणी पुढे खोदलंच, "कसलं ऑपरेशन?", तर "असू दे हो, घरचं आहे," आणि लगेच कामाचं काहीतरी. मॅडम बँकेत मुरलेल्या, "तो आरटीजीएसचा फॉर्म आला का?" हे त्यांनीच सुचवलं. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हटलं. ऐकायला बालिश वाटतं, पण ऐनवेळी तोंडून 'दीक्षित' निघतं ते पाठ न केल्यामुळेच.

डब्याचं त्यांनी स्वतःच सोडवलं. कढण एकटीने चाखत बसण्याऐवजी त्या आठवड्यातून एकदा पुन्हा भरीत आणायला लागल्या. स्वतः दोन चमचे, बाकी टेबलावर. देणारी बाई देत राहिली की घेत नाही याचा राग निम्मा होतो. वाढदिवसाचा केक आला तर तुकडा घ्यायचा, "घरी नेते, पोरासाठी," म्हणायचं आणि खरोखर न्यायचा.

शाखाधिकाऱ्यांना आमच्या डॉक्टरांनी चार ओळींची चिठ्ठी दिली. काउंटरवर पाण्याची बाटली हवी, कारण एकदम पाणी पिता येत नाही, दिवसभर घोट घोट घ्यावं लागतं. दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटांची मोकळीक हवी. काउंटरवर खाणं योग्य नाही, म्हणून ही मोकळीक मागच्या खोलीत. त्यांनी लगेच मान्य केलं. मात्र पुढच्याच स्टाफ मीटिंगमध्ये कौतुकाच्या भरात म्हणाले, "मॅडमकडे बघा, जिद्द असावी तर अशी." हेतू चांगला आणि परिणाम वाईट. ज्या विषयावरून नजर हटवायची होती, त्यावरच त्यांनी सगळ्यांची नजर आणली. मॅडम नंतर केबिनमध्ये गेल्या, "साहेब, कौतुक माझ्या डिपॉझिटच्या आकड्यांचं करा," म्हणाल्या. साहेब हसले, समजले.

सगळ्यात अवघड होतं कॅशियरताईंना खरं सांगणं. इथे एका वाक्याने भागणार नव्हतं, पूर्णच सांगावं लागणार होतं. शनिवारी बँक सुटल्यावर दोघी कॉलेज रोडवर एका दुकानात बसल्या. मॅडमनी पिशवीपासून दीक्षितपर्यंत सगळं सांगितलं. ताई ऑपरेशनवर काहीच बोलल्या नाहीत. "मी महिनाभर उपाशी मेले," त्या म्हणाल्या, "आणि तू बघत होतीस." मॅडमकडे याला उत्तर नव्हतं. आमचं आधी ठरल्याप्रमाणे त्यांनी समर्थन केलं नाही, फक्त "चुकलं माझं" म्हणाल्या, आणि गोळ्यांचा डोस तपासून घ्यायला डॉक्टरांकडे सोबत येते म्हणाल्या. आठ दिवस ताई बोलल्या नाहीत. डॉक्टरांकडे मात्र दोघी गेल्या.

मग काय झालं

पंधरा दिवसांत सगळ्या शाखेला कळलं. "कुणाला सांगू नकोस" या शब्दांवर शाखेत काही टिकत नाही, म्हणून मी रुग्णांना सांगते की एकाला सांगाल ते अकरा जणांना माहीत झालं तरी झेपेल एवढंच सांगा. मॅडमनी ते धरूनच सांगितलं होतं.

पासिंग ऑफिसर म्हणाले, "गडकरींनी केलं होतं तेच ना?" नितीन गडकरींनी २०११ साली असं ऑपरेशन करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आमच्या माहितीपत्रकांनी जे होत नाही ते या एका नावाने झालं. 'काहीतरी भयंकर' वाटणारी गोष्ट एकदम ओळखीची झाली. जिमला जाणारा तरुण क्लार्क मात्र म्हणाला, "म्हणजे शॉर्टकट." मॅडम त्याला म्हणाल्या, "ये, आठवडाभर माझ्याबरोबर जेव." दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं एवढ्याशा पोटात बसवायची, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व जन्मभर, ठरलेल्या महिन्यांनी रक्ततपासणी. हे सगळं त्याला ऐकवण्याची गरज नव्हती आणि त्यांनी ऐकवलंही नाही.

शिपाई काकांना त्यांनी वेगळं गाठून सांगितलं, कॅन्सर नाही. काका म्हणाले, "मग अंगारा लागला म्हणा."

काउंटरवरचे पेन्शनर सगळ्यात सोपे. "ताई, वाळलात हो." "बरी आहे आजोबा, पासबुक द्या." विषय संपतो.

त्रास राहिला तो एका अधिकाऱ्याचा. मॅडम बारीक होत गेल्या तसं याचं बोलणं वाढत गेलं. कॉलेजला जाताय की बँकेत, आता साडी सोडा, मिस्टरांना सांभाळा. सुरुवातीला मॅडम कसनुसं हसायच्या. स्तुती आणि चावटपणा यांतली रेषा ऐकणाऱ्या बाईला नेहमी कळते, तिला फक्त ती दाखवायचा संकोच असतो. एकदा चार जणांसमोर त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझ्या दिसण्यावर बोलत जाऊ नका. मला आवडत नाही." तिथेच थांबलं. थांबलं नसतं तर पुढचा रस्ता होता: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोशी लैंगिक शेरेबाजी येते, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. बँकेत ती होती, तिच्या अध्यक्षांचं नाव मॅडमनी वहीत लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट आम्ही दोघींनी धरली नव्हती. कळल्यावर लोक हळूच विचारायला आले. कुणाची भावजय, कुणाची मुलगी, हेड ऑफिसमधला एक शिपाई स्वतःसाठी. खर्च किती, दुखतं का, परत वाढतं का. मॅडमना सुरुवातीला बरं वाटलं, मग संध्याकाळचे फोन सुरू झाले. त्यांनी ठरवलं की ओपीडीची वेळ सांगायची, स्वतःचे आकडे सांगायचे नाहीत, आणि 'तू पण करून घे' असं कुणालाही म्हणायचं नाही. आकड्यांचं पथ्य विशेष. एकदा '७९ झालं' म्हटलं की पुढच्या महिन्यात सगळे हिशेब मागतात, आणि वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावणारच असतं. नंतर दोन-चार किलो परत येणं हेही नेहमीचं. तेव्हा 'थांबलं का हो?' विचारणारे तयार असतात.

वर्षाने वजन ७३, मधुमेहाची एकच गोळी, तीही निम्म्या डोसची, आणि दुपारची पेंग गेली. कॅशियरताईंशी बोलणं पूर्वीसारखं झालं, पण पूर्वीइतकं मोकळं नाही असं मॅडम म्हणतात. जिमवाला क्लार्क अजून 'ऑपरेशनवाल्या मॅडम' म्हणतो. त्याला सोडून दिलंय.

मार्चअखेर झाल्यावर मॅडमची बदली सिन्नर शाखेत झाली. तिथे त्यांचं आधीचं वजन कुणी पाहिलेलं नाही. सगळं सांगायचं का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या की नाही सांगणार. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन भाकरी पुढे केल्या. मॅडमनी पाव भाकरी मोडून घेतली आणि म्हणाल्या, "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडंच खाते. तब्येत चांगली आहे. बुधवारी भरीत आणते."